टी४७डी पेशी: नो-आरटी नळीतही एचईआरव्ही-के उमटतोय

प्रश्न (सोलापूर): टी४७डी या स्तनकर्करोगाच्या पेशींत एचईआरव्ही-के या आपल्या जीनोममध्ये रुजलेल्या जुन्या विषाणूचं एन्व्ह (आवरणाचं) जनुक आरटी-पीसीआरने (आरएनएचा डीएनए करून त्याच्या प्रती वाढवणारी चाचणी) शोधतोय. आरटी (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) घातलेल्या नळीत सीटी (संकेत दिसू लागतो ती फेरी; आकडा कमी तर माल जास्त) २३, ते एन्झाइम न घातलेल्या नो-आरटी नळीत २४. पाण्याची नळी कोरी. प्रायमर (हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलू का?

उत्तर १: प्रायमरला हात लावू नका. पाण्याची नळी कोरी, म्हणजे मिश्रण स्वच्छ आहे. आरएनएसोबत डीएनए आलाय. आपल्या जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा, आणि एचईआरव्ही-केच्या प्रती अनेक. एरवी खपून जाणारा डीएनए इथे लगेच उमटतो. एका सीटीचा फरक म्हणजे निम्मा संकेत डीएनएचाच! १ मायक्रोग्रॅम आरएनएला १ युनिट डीएनेज-१ (डीएनए कापणारं एन्झाइम), एकूण १० मायक्रोलिटर, २५ अंशांना १५ मिनिटं. मग १ मायक्रोलिटर २५ मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन), आणि त्यानंतरच ६५ अंशांना १० मिनिटं. क्रम चुकला तर मॅग्नेशियम गरम आरएनएचे तुकडे करतं. फरक किमान ७ सीटी येईपर्यंत आकडे वापरू नका.

उत्तर २: त्या २५ अंशांसाठी नळ्या टेबलावर ठेवू नका. सोलापुरात मे महिन्यात खोली ४० ला टेकते. थर्मल सायकलरमध्येच (तापमान नेमकं राखणारं पीसीआर यंत्र) ठेवा. ट्रायझॉलनंतर (पेशींतून आरएनए काढायचं द्रावण) आरएनए असलेला वरचा पाण्याचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या सायीवर थोडं पाणी राहू द्या, डीएनए त्या सायीतच असतो.

प्रश्नकर्ता: मी तो थर अगदी शेवटच्या थेंबापर्यंत ओढत होतो.

उत्तर १: मग तिथूनच आलाय. आणखी एक, पेशी वाढवायच्या माध्यमात फिनॉल रेड हा रंग आहे का? ते इस्ट्रोजेनसारखं वागतं, आणि टी४७डीत इस्ट्रोजेननंतर प्रोजेस्टेरॉन दिलं की एचईआरव्ही-के वाढतो. फिनॉल रेड नसलेलं माध्यम, कोळशाने गाळून हार्मोन काढलेला सीरम घ्या.