घरी बांधलेल्या विमानाला कारचं इंजिन: मी होंडा घेतोय, का घेतोय ते सांगतो

रिव्हेटवाला

ओहायोत असतो, गॅरेजमध्ये झेनिथ सीएच ७५० हे छोटं विमान बांधतोय. पंख झाले, शेपटी झाली, बॉडी चाकांवर उभी आहे आणि आता इंजिनाचा प्रश्न आलाय, ज्यावरून इथल्या प्रत्येक हँगरमध्ये माणसं हमरीतुमरीवर येतात. कारचं इंजिन विमानात म्हणजे आत्महत्या, असं मला दर शनिवारी कोणीतरी ऐकवतंच. मला ते अजिबात पटत नाही. विरोध करायचाय त्यांनी जरूर करा, फक्त मुद्द्यावर करा.

आधी पैसा. रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांसाठीच बनणाऱ्या इंजिनाचं शंभर हॉर्सपॉवरचं नवीन मॉडेल वीस हजार डॉलरच्या वर जातं, म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये, आणि प्रॉपेलर, माउंट, रेडिएटर याचा खर्च वेगळा. होंडा फिटचं, म्हणजे आपल्याकडे जी जॅझ नावाने विकली जायची त्या गाडीचं, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन इकडे भंगारातल्या गाडीतून त्याच्या एका कोपऱ्याइतक्या पैशात मिळतं. प्लग, पंप, सेन्सर काहीही गेलं तरी गावातल्या दुकानात त्याच दिवशी हातात.

आता ते नेहमीचं वाक्य, की कारचं इंजिन सतत जास्त पॉवर देऊ शकत नाही. अहो, होंडाने याच इंजिनावरून बोटीला लावायचं ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड काढलं. बोट एकदा खाडीबाहेर पडली की पाच-साडेपाच हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) तासन्तास चालते, खाऱ्या हवेत, आणि मच्छीमार त्याच्यावर पोट भरतात. मग विमानातच ते अचानक नाजूक कसं होतं?

आणि ही कल्पना काही आजची नाही. मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटेनपोलने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन घालून आपलं एअर कँपर उडवलं, आणि त्याच्या नकाशांवरून लोक आजही विमानं बांधतात. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर उडणारी विमानं तर युरोप-अमेरिकेत शोधायला जावं लागत नाही.

माझं मत सरळ आहे. कारचं इंजिन सहसा आतून मोडत नाही, मोडतं ते इंजिन आणि प्रॉपेलरच्या मधलं आणि आजूबाजूचं, गिअरबॉक्स, पाणी, वायरिंग, पेट्रोलची लाइन. तिकडे डोळ्यात तेल घालून काम केलं तर हा पर्याय शहाणपणाचा आहे. गिअरबॉक्स मी स्वतः बनवणार नाहीये, विमानात बरेच तास चाललेला तयारच घेणार.

बॅरोमीटर

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, पुण्याचा, सगळी नोकरी लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल या विमानांच्या इंजिनांवर झाली. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मला उलट काळजी वाटली, कारण तुम्ही जे "आजूबाजूचं" म्हणून बाजूला काढताय तेच तर विमानाचं इंजिन असतं. लायकमिंग ओ-३२० म्हणजे नुसते चार सिलिंडर नव्हेत. दोन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारे), प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, प्रॉपेलर थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, २७०० आरपीएम, पाणी नाही, आणि बॅटरी पूर्ण मेली तरी इंजिन चालूच राहतं. दिसायला जुनाट आहे, मान्य. पण त्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी कुठेतरी पडला म्हणून तशी आहे.

होंडाच्या इंजिनाला वीज नसेल तर ते लोखंड आहे. २००७ मध्ये जर्मनीत स्पायरला डायमंड डीए४२ या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाची घटना झाली ती वाचा. बॅटरी उतरलेली, बाहेरच्या पॉवरने स्टार्ट केलं, टेकऑफ झाला, चाकं आत घ्यायला लावली तसं व्होल्टेज पडलं, इंजिनांचे कॉम्प्युटर रिसेट झाले आणि दोन्ही इंजिनं बंद. दोन्ही! आणि ते तर सर्टिफाइड, म्हणजे सरकारी मान्यता मिळालेलं विमान होतं, ती इंजिनं मर्सिडीज कारच्या डिझेलवरून थिलर्ट कंपनीने केलेली. त्यांचा गिअरबॉक्स दर ३०० तासांना काढून पाठवावा लागायचा आणि २००८ ला कंपनीच दिवाळखोरीत गेली. एवढी मोठी टीम, एवढा पैसा असून ही गत, तर गॅरेजमधल्या एकट्या माणसाने काय धडा घ्यायचा? रोटॅक्स घ्या. पैसे नसतील तर एक वर्ष थांबा आणि मग घ्या.

सहा सिलिंडर

दोघांचंही अर्धं बरोबर आहे म्हणून मधला रस्ता सांगतो. गिअरबॉक्सची भीती वाटते ना, मग गिअरबॉक्सच नको. शेवरोले कॉर्व्हेअर, १९६० ते ६९ मध्ये बनलेली गाडी, सहा सिलिंडर आडवे, एअर कूल्ड, २.७ लिटर, प्रॉपेलर थेट क्रँकवर, तीन हजाराच्या आसपास आरपीएमवर शंभर हॉर्सपॉवरच्या जवळ जातं. पिटेनपोलनेसुद्धा नंतर फोर्ड सोडून हेच घेतलं. रेडिएटर नाही, पाण्याचा पाइप नाही, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर नाही. सीएच ७५० वर बसवलेली आहेत लोकांनी.

बॅरोमीटर

@सहा सिलिंडर, आणि त्याच कॉर्व्हेअरचे क्रँक हवेत तुटलेत, ते पण लिहा की. गाडीत त्या क्रँकवर फक्त क्लचचा दाब यायचा. विमानात प्रॉपेलर ओढतो आणि नाक वळलं की आडवा वाकवतो, तो भार झेलायला मूळ इंजिनात बेअरिंगच नाही.

सहा सिलिंडर

तुटले, नाकारत नाही. त्यानंतरच क्रँक नायट्राइड करणं (वरचा थर कडक करणं) आणि प्रॉपेलरच्या बाजूला पाचवं बेअरिंग लावणं सुरू झालं, आणि आज कोणी शहाणा माणूस त्याशिवाय उडवत नाही. रोग कळला, औषध मिळालं. तुमच्या लायकमिंगचा इतिहास पण असाच घडलाय ना साहेब?

चाकणचा गिअर

मी चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, विमान बांधलेलं नाही पण कंपनं मोजणं हा रोजचा धंदा, तेव्हा तेवढ्याबद्दल हक्काने बोलतो.

गिअरबॉक्स का लागतो ते सोपं आहे. १.८ मीटरचा प्रॉपेलर ५५०० आरपीएमवर थेट फिरवला तर त्याचं टोक सेकंदाला पाचशे मीटरच्या वर जातं, आवाजाचा वेग ३४० च्या आसपास, म्हणजे नुसता गोंगाट आणि ओढ काहीच नाही. रोटॅक्स म्हणूनच २.४३ चा गिअर लावून प्रॉपेलर २४०० च्या खाली ठेवतो. फोक्सवॅगनवाले थेट लावतात पण त्यासाठी प्रॉपेलर जेमतेम १.४ मीटरचा ठेवतात, आणि तुमच्या त्या हळू उडणाऱ्या, मोठ्या पंखाच्या विमानाला तो पुरायचा नाही.

खरी भानगड पुढे आहे. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा ढकलतं, सलग नाही ढकलत. दुसऱ्या टोकाला प्रॉपेलर, जड आणि लांब, त्याला तो धक्का घ्यायचा नसतो. मधे जे काही असेल ते शाफ्ट, गिअर, रबर सगळं पीळ खातं आणि सुटतं. कुठल्यातरी एका आरपीएमला या पीळ-सुटीची आणि धक्क्यांची वेळ जुळते आणि मग आकडे असे वाढतात की समजा शंभराच्या भारासाठी बनवलेल्या शाफ्टवर त्याच्या कितीतरी पट टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर येतो. कानाला काही कळत नाही. कधी कधी इंजिन अगदी गोड वाजतं त्या वेळी.

मी असं एक कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) उघडलेलं पाहिलंय, टेस्ट बेडवरचं, विमानाचं नव्हे. बाहेरून स्वच्छ. झाकण काढलं तर आत रबराची काळी पूड सगळीकडे बसलेली आणि स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांच्या दातांमध्ये गेरूसारखी तांबडी भुकटी, म्हणजे लोखंडावर लोखंड घासून तयार झालेला गंज. दातांच्या एका बाजूला बोट फिरवलं तर पायरी लागत होती. तोपर्यंत कोणालाही काही संशय नव्हता.

म्हणून @रिव्हेटवाला, "बरेच तास चाललेला गिअरबॉक्स" हे मला पुरत नाही. तो कुठल्या प्रॉपेलरबरोबर चालला? तुम्ही जड ब्लेडचा किंवा तीनऐवजी दोन ब्लेडचा लावलात तर ती जुळणारी जागा सरकते. याच इंजिनाची बोट चालते हा तुमचा मुद्दा पॉवरपुरता बरोबर आहे, पण तिचा पंखा एवढासा आणि पाण्यात बुडालेला, पाणी कंपनं गिळतं. हवा नाही गिळत. आणि बोटीला थंड पाणी फुकट, तुम्हाला चढणीवर, वेग कमी असताना, रेडिएटरमधून हवा ढकलायची आहे. माझा सगळा विरोध या दोन गोष्टींना आहे, होंडाला नाही.

नाशिकचा वारा

मी भारतातलं विचारतो. इथे कोणी जिप्सीचं १.३ इंजिन लावलं तर? सुझुकीची ही छोटी इंजिनं बाहेर अल्ट्रालाइटवाल्यांनी (अगदी हलकी विमानं उडवणाऱ्यांनी) भरपूर वापरलीत, जिओ मेट्रो या गाडीचं तीन सिलिंडरवालं तर फारच. आपल्याकडे जिप्सीचं इंजिन डोळे मिटून उघडणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत.

बॅरोमीटर

@नाशिकचा वारा, इंजिन मिळेल, मेकॅनिक मिळेल, पेट्रोलचं काय? पंपावर आता २० टक्के इथेनॉल. रोटॅक्स स्वतः १० टक्क्यांच्या पुढे परवानगी देत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराचे पाइप फुगवतं, फायबरच्या टाकीचं रेझिन मऊ करतं आणि ते सगळं फिल्टरमध्ये येऊन बसतं. वर उन्हाळ्यात नाशिक-धुळ्याच्या रनवेवर काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या आत जी भट्टी असते तिच्यात लाइनमध्ये वाफ धरते. अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, आता इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवते ही चांगली गोष्ट आहे, पण ते तुमच्या गावात येणार आहे का? परवानगीचं वेगळंच. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव, ते तर तेव्हा एअरलाइनचे पायलट, त्यांनासुद्धा नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं, त्याआधी किती वर्षं गेली ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तिथे इंजिन पण अनोळखी नेलंत तर फाइल वाचणाऱ्याला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पोरांनी विमानं बांधावीत असं मनापासून वाटतं, पण आहे हे असं आहे.

हेडविंड

मी इंग्लंडमध्ये उडते, आमच्या छोट्या धावपट्टीवर दोन्ही जातीची विमानं आहेत. एक गोष्ट कोणीच बोललं नाही, विकताना काय? त्याच विमानाला रोटॅक्स असेल तर आठवड्यात गिऱ्हाईक, कारचं इंजिन असेल तर लोक बघतात, फोटो काढतात आणि जातात. वाचवलेले पैसे तिथे परत जातात. शिवाय वजन. रेडिएटर, पाणी, दुसरी बॅटरी, गिअरबॉक्स धरून काट्यावर ठेवा आणि मग रोटॅक्सशी तुलना करा, त्याचं ६० किलोच्या आसपास असतं. नाक जड झालं की शेपटीत शिसं भरायची वेळ येते, आणि ते शिसं म्हणजे सोबत येऊ न शकणारा माणूस.

रिव्हेटवाला

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

@हेडविंड, मी विकायला बांधत नाहीये. तुमचा वजनाचा मुद्दा मात्र रास्त आहे, बॅटरी सीटच्या मागे टाकून नाक सावरतोय, शिसं नाही.

@बॅरोमीटर, वीज. दोन बॅटऱ्या, दोन स्वतंत्र बस (वीज वाटणाऱ्या लाइनी), दोन पेट्रोल पंप, आणि स्टार्ट होण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज लोडवर बघितल्याशिवाय उडायचं नाही हे चेकलिस्टमध्ये. स्पायरची घटना मला पाठ आहे आणि तिचा निष्कर्ष "कारचं इंजिन नको" असा निघत नाही, "मेलेल्या बॅटरीवर उडू नका" असा निघतो. आणि थिलर्टचं उदाहरण अर्ध्यावर का सोडलंत? मर्सिडीज कारच्याच डिझेलवरून डायमंडवाल्यांनी ऑस्ट्रो इंजिन केलं, २००९ ला सर्टिफाय झालं आणि आज जगभर फ्लाइंग स्कूलमध्ये ते राबतंय. मूळ इंजिन कारचंच. गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स सुधारलं. मी पहिल्या पोस्टमध्ये हेच म्हणत होतो.

विमान ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाला स्टॉल होतं (म्हणजे पंखांची उचल सुटते), शेताच्या एका तुकड्यात उतरतं. इंजिन गेलं तर गेलं, हा विचार करूनच मी हे विमान निवडलं. आणि इकडे नियमच आहे, सर्टिफाइड इंजिन-प्रॉपेलर असेल तर चाचणीचे तास २५, नसेल तर ४०. ते ४० तास मी एकटाच उडणार, घरचं कोणी शेजारी बसणार नाही.

@चाकणचा गिअर, तुमचं म्हणणं मात्र मनाला लागलं. गिअरबॉक्सवाल्याला विचारून तो ज्या प्रॉपेलरवर चालला त्याच जातीचा, तेवढ्याच ब्लेडचा घेतो. ५० तासांना कपलिंग उघडायचं हे लॉगबुकात आत्ताच लिहून ठेवलं.

चाकणचा गिअर

५० नको, पहिल्यांदा १० ला उघडा, मग २५, मग ५०. आणि आयडल (इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग) खाली आणू नका, ती जुळणारी जागा बहुतेक आयडलच्या थोडीच खाली असते, स्टार्ट आणि बंद करताना तिच्यातून पटकन निघून जायचं. इंजिन बंद होताना खडखडलं तर व्हिडिओ काढून पाठवा.

बॅरोमीटर

इंजिन गेलं तर शेतात उतरेन, हे वाक्य मला आवडलं नाही आणि आवडणारही नाही. तुमचं विमान हळू उडतं पण ते तरंगतही नाही, इंजिन गेलं की नाक खाली घालावं लागतं आणि २०० फुटांवर शेत निवडायला वेळ कुठला. एनटीएसबी या अमेरिकेतल्या अपघात तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा जो अभ्यास केला त्यात इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं हीच मोठी कारणं निघाली, आणि बरेच अपघात विमान नवं असतानाचे. म्हणजे नेमके तुमचे ते ४० तास. माझं मत बदललेलं नाही, मी अजूनही रोटॅक्सच म्हणेन.

पण तुम्ही ऐकणार नाही हे दिसतंय, तर निदान हे करा. टाक्या पंखात आहेत, इंजेक्शनच्या पंपाने हवा ओढली की खेळ खलास, म्हणून खाली छोटी हेडर टाकी (पंपाआधी कायम भरलेली राहणारी) हवीच. मग विमानाचं नाक टेकऑफच्या चढणीपेक्षा वर उचलून, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवून, लाइन इंजिनापाशी सोडवा आणि एकेक पंप वेगळा चालवून मिनिटाला किती येतं ते मापाच्या भांड्यात मोजा. फुल पॉवरला जेवढं लागतं त्याच्या सव्वापट तरी आलं पाहिजे, प्रत्येक पंपाला. दुपारच्या उन्हात विमान तापवून पुन्हा एकदा मोजा. दोन्ही आकडे इथे टाका, मी बघतो.