अनुभव धागा : सुट्टा मारायला गेलेल्याची जागा कोण धरतो?

रविवारी सकाळी आम्ही काही माजी फौजी ठाण्यात तलावपाळीला जमतो. मासुंदा तलावाला दोन फेऱ्या, मग कट्ट्यावर चहा. गेल्या रविवारी आमच्यातला एकजण गप्प गप्प होता. तो ऐरोलीला एका ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. हाताखाली पाच गार्ड, पाचही माजी सैनिक, त्यातले तिघे सिगरेटवाले. शिफ्टमध्ये प्रत्येकजण चार-पाच वेळा खाली जाऊन येतो आणि तेवढा वेळ गेट उरलेले दोघे धरतात. त्यातल्या एकानं परवा त्याला विचारलं, "साहेब, मी पीत नाही ही माझी चूक आहे का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

कट्ट्यावर मग प्रत्येकाला आपापलं युनिट आठवलं. ते तिथंच विरून जाऊ नये म्हणून हा धागा काढतोय. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, कुठंही नोकरी केली असेल तर लिहा. पिणारे, न पिणारे, ड्यूटी लावणारे, सगळेच लिहा. फक्त युनिटचं नाव, पोस्टची जागा आणि कोणाचंही नाव लिहू नका. अजून फौजेत नोकरीला असाल तर इथं अजिबात लिहू नका, घरी आल्यावर आम्हाला कट्ट्यावर येऊन सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो.

धागाकर्ता, घणसोली (इन्फंट्री, निवृत्त हवालदार)

मी कंपनी हवालदार मेजर, म्हणजे कंपनीची ड्यूटी लावणारा हवालदार, होतो तेव्हाची गोष्ट. डोंगरावरच्या पोस्टचं काम चाललं होतं. खाली रेतीची पोती भरायची आणि हातोहात वर पोचवायची. १८ जणांची वर्किंग पार्टी. तासाभरानं कोणीतरी "मेजर, एक सुट्टा मारून येतो" म्हणायचा आणि मी मान हलवायचो. मी स्वतः ओढत होतो, त्यामुळे त्यात काही गैर वाटायचं नाही. सहा-सातजण मोठ्या दगडाआड जायचे. साखळी मात्र थांबायची नाही. जिथं तिघे उभे असायचे तिथं दोघे उरायचे आणि पोतं जास्त लांब न्यावं लागायचं.

सातारा जिल्ह्यातला एक पोरगा होता, जेमतेम विशीचा. न पिणाऱ्यांतला. एक दिवस तोही दगडाआड दिसला. उकिडवा बसलेला, दोन बोटांत पेटलेली सिगरेट. ओढत नव्हता. राख बोटभर लांब झाली होती आणि वाकली होती. तळहाताला पट्टी गुंडाळलेली, पोत्याच्या सुतळीनं चामडी निघाली होती. मी विचारलं, "कधीपासून?" तो ताडकन उठला. म्हणाला, "मेजर, मी पीत नाही. हातात धरली की बसायला मिळतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. पोराला विश्रांती हवी होती आणि ती मागायला माझ्या कंपनीत एकच शब्द चालत होता.

दुसऱ्या दिवसापासून शिट्टी सुरू केली. रूट मार्चला दर तासाला दहा मिनिटांचा हॉल्ट असतो, तोच हिशोब कामाला लावला. ५० मिनिटं काम, १० मिनिटं आराम, सगळ्यांना एकदम. शिट्टी झाली की पोतं जिथं असेल तिथं खाली. पिणारे ठरलेल्या जागी, बाकीचे सावलीत. पहाऱ्याला एकजण, पाळीपाळीनं, आणि त्या पाळीत पिणारेही. मधल्या वेळेत कोणी मागितलं तर नाही, मी स्वतःलासुद्धा नाही. पहिले दोन दिवस जुन्या लोकांनी कुरकुर केली. मी संध्याकाळी वर पोचलेली पोती मोजायला लावली. आकडा घटला नव्हता, उलट थोडा वाढला होता.

उलवे (नौदल, इंजिन रूम)

जहाजावर सकाळी 'स्टँड ईझी' असतो, चहाची सुट्टी. ती सगळ्यांची. दारूगोळा चढवताना किंवा इंधन घेताना तांबडा ब्राव्हो झेंडा चढतो, धूम्रपान बंदची घोषणा होते आणि मग कोणाचाच हट्ट चालत नाही. अशा दिवशी मला वाटायचं, आज सगळे सारखे.

खरी अडचण वॉचवर, म्हणजे पाळीवर. चार तासांचा वॉच, खाली उकाडा, कानात मशीनचा आवाज. "जरा माझे गेज बघ, आलोच" म्हणून वर जाणारा पंधरा मिनिटांनी यायचा. मी त्याचं बघायचो, माझं कोणी बघायचं नाही, कारण मी कधी मागितलंच नाही. न मागणाऱ्याचं नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आमच्या चीफनं एकदा खडूनं पाटीवर नावं लिहिली आणि कोण किती मिनिटं वर गेला ते मांडायला लावलं. कोणाला बोल लावला नाही. आठवड्यानं नुसती पाटी दाखवली. माझ्या नावापुढं काहीच नव्हतं. ते बघून ज्यांची रांग लांब होती तेच स्वतःहून म्हणाले, "जा, वर वारा खाऊन ये."

कळवा (सिग्नल्स)

आमच्या सेक्शनमध्ये एक सरदारजी नायक होते. त्यांच्या धर्मात तंबाखू निषिद्ध. मिश्र युनिट, त्यामुळे बाकीचे ओढायचे. एकदा त्यांनी दहा मिनिटं मागितली, तर विचारलं गेलं, "किसलिए?" बाकी कोणाला हे कधी विचारलं नव्हतं. धर्म पाळणाऱ्या माणसाला त्यापायी जास्तीचं काम पडतंय हे मला फार लागलं. मी तेव्हा ओढत होतो. त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर चहाला बसू लागलो, धुरापासून लांब. आमचे सुभेदार साहेब दोन-तीन दिवस बघत होते. मग त्यांनी साडेदहाचा चहा सगळ्या सेक्शनला लावून दिला.

वाशी (मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, निवृत्त)

भावांनो, तुम्ही वेळेबद्दल लिहिताय. वेळ तर जातच होता. रात्री वॉर्डात दोघांची ड्यूटी आणि त्यातला एक बाहेर, म्हणजे एका बाजूला सलाईन संपत आलेलं आणि दुसऱ्या बाजूला ऑपरेशन होऊन आलेला जवान पाणी मागतोय. हे मी पुष्कळ वेळा एकटीनं केलं.

पण मला जास्त बोचलं ते वेगळंच. मागच्या बाजूला शेडखाली ओढणाऱ्यांची जागा होती. तिथं डॉक्टर, क्लार्क, स्टोअरवाले सगळे पाच-दहा मिनिटं उभे राहायचे. सुट्टीचा प्लॅन, कोणाची पोस्टिंग कुठं, नवी मशीन कुठल्या वॉर्डाला, हे तिथं आधी बोललं जायचं आणि कागदावर नंतर यायचं. आम्हाला कळायचं तेव्हा सगळं ठरलेलं असायचं. तिथं जाऊन उभं राहणं बाईमाणसाला अवघड, आणि न ओढणाऱ्या पुरुषांनाही. एका वर्षी गणपतीची रजा माझ्या हातून अशीच गेली. अर्ज माझा पहिला होता, बोलणं दुसऱ्याचं झालं होतं.

पुढं नवीन मेट्रन मॅडम आल्या. त्यांनी ड्यूटी बदलताना रोज दहा मिनिटं सगळ्यांना वॉर्डातच बसवायला सुरुवात केली आणि रजेचा तक्ता भिंतीवर लावला. शेडखाली गर्दी राहिली, पण तिथं रजा ठरायची बंद झाली.

दिवा (आर्टिलरी, गनर)

मी ओढणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. ओढणारा कामचोर असतोच असं नाही. शरीरातल्या निकोटिनचा जोर साधारण दोन तासांत निम्मा होतो. गार्डला पहारेकऱ्याची पाळीही दोन तासांचीच, मग चार तास आराम. त्या दोन तासांत ओढायचं नाही, बसायचं नाही, आणि बदली आल्याशिवाय पोस्ट सोडणं आर्मी ॲक्टनं गुन्हा. शेवटची वीस मिनिटं मी घड्याळाकडे बघतच काढायचो. गार्ड कमांडर वेळेवर बदली आणायचा, एवढ्यानंच मला माणसात ठेवलं. तो पाच मिनिटं उशीर करत असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

अंधारात ओढायला मनाई होती, ती शिक्षा म्हणून नव्हे. रात्री सिगरेटचा निखारा फार लांबून दिसतो आणि जीव जातो तो शेजारच्याचाही. उंचावर तर आमचे डॉक्टर रोज सांगायचे, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिकटतो, आणि तिथं आधीच हवा विरळ. बंद शेल्टरमध्ये ऊब यायला केरोसीनची शेगडी (बुखारी) पेटलेली, त्यात मी ओढायचो आणि बाजूला झोपलेला न ओढणारा खोकायचा. त्या खोकल्याची मला अजून लाज वाटते. त्याची माफी मागायची राहून गेली.

घरी आल्यावर सोडली. १८०० ११ २३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. दोनदा सुटली नाही, तिसऱ्यांदा सुटली.

कोपरखैरणे (एएससी, म्हणजे आर्मीची रसद-वाहतूक, ड्रायव्हर)

तंबाखू मळणाऱ्यांचं कोणी लिहिलं नाही. आमचा हात चालू, तोंडही चालू, त्यामुळे आम्हाला ब्रेक लागतो असं कोणालाच वाटत नाही. मी १६ वर्षं गायछाप खाल्ली, जागा न सोडता. माझ्या बरोबरीच्या एकाचं जबड्याचं ऑपरेशन झालं, आता तो पातळच खातो. ब्रेक सगळ्यांना एकदम द्या आणि तोंडाची तपासणीही सगळ्यांची करा. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर पुढच्या रजेची वाट बघू नका.

अंबरनाथ (दारूगोळा डेपोत नोकरी केलेला)

आमच्याकडे माचिस, लायटर गेटवरच जमा. आत सापडली तर खैर नाही. ओढायचं तर गेटबाहेर, जाऊन-येऊन अर्धा तास. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीशिवाय कोणी जायचंच नाही. आमच्यात या विषयावर कधी भांडण झालं नाही. आता एमआयडीसीत आहे. कारखान्यात मधली विश्रांती कायद्यानं मिळते. फौजेला तो कायदा नाही, तिथं सगळं वरच्या माणसाच्या नजरेवर.

धागाकर्ता

वाशीच्या ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. मीही माझ्या कंपनीची बरीचशी रजा दगडाआडच ठरवली असणार. हे याआधी डोक्यात आलं नव्हतं.

ऐरोलीच्या भावानं हा धागा गार्डरूममध्ये वाचून दाखवला. कामाच्या जागी ओढायला २००८ पासून बंदीच आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड, म्हणून ओढणारे आवाराबाहेरच जाणार. पण आता रजिस्टरमध्ये पाचही जणांच्या नावापुढं शिफ्टला तीन वेळा पंधरा मिनिटं लिहिलेली आहेत. जाताना सही, येताना सही, आणि एक आल्याशिवाय दुसरा जात नाही. तिघांपैकी एकानं विचारलं, चौथ्यांदा लागली तर? त्याला सांगितलं, बदल्यात कोणाची तरी पंधरा मिनिटं तू धरायची, आधी. त्यानं मान्य केलं.

ज्यानं तो प्रश्न विचारला होता, त्यानं पहिल्या दिवशी सही केली आणि खुर्चीतच बसून राहिला. जायचं कुठं हे त्याला सुचेना. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेला आणि गावाला आईला फोन लावला. आई घाबरली म्हणे, ड्यूटीच्या वेळेला फोन कसा आला म्हणून.