कारचे कॉम्पोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे): पॅसिव्ह डबा ठेवायचा की ॲक्टिव्ह करायचं?

डीएसपीवाला: सेटसोबत आलेला पॅसिव्ह डबा (क्रॉसओव्हर: खालचा आवाज वूफरला, वरचा ट्वीटरला वाटणारं कॉइल-कपॅसिटरचं सर्किट) काढाच. ही वाटणी ॲम्पच्या आधी डीएसपीला (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) करू द्या आणि प्रत्येक स्पीकरला ॲम्पचा वेगळा चॅनल द्या, हेच ॲक्टिव्ह. चालकाकडचा ट्वीटर कानापासून ८० सेंमी, पलीकडचा १३०. ५० सेंमी म्हणजे जवळपास दीड मिलिसेकंद. डिलेशिवाय (जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडल्याशिवाय) गायक दाराला चिकटून गातो.

कॉइल_कपॅसिटर: हा फरक डाव्या-उजव्याचा झाला. तो डिले डबा ठेवूनही देता येतो. अडतं ते एकाच बाजूच्या वूफर-ट्वीटरमधलं अंतर, आणि त्यासाठी पुढे चार चॅनल लागतात, सबचा (सबवूफर, अगदी खालच्या आवाजाचा स्पीकर) पाचवा वेगळा. हाती दोनच चॅनल असतील तर कंपनीचा डबा उत्तम. तो त्याच स्पीकरांसाठी जुळवलेला असतो.

डीएसपीवाला: कंपनीचा ठीक. पण लोक सूत्र बघून घरी बनवतात त्याचं काय?

कॉइल_कपॅसिटर: तिथे मात्र सहमत. वाटणी ३५०० हर्ट्झला, स्पीकर ४ ओहमचे: ट्वीटरला कपॅसिटर ११.४ मायक्रोफॅरड, वूफरला कॉइल ०.१८ मिलिहेन्री. कागदावर छान. पण वूफरचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) हर्ट्झ वाढतील तसा वर चढत जातो, ३५०० ला तो ४ राहतच नाही. मग कॉइल हवं तेवढं कापत नाही आणि वूफर वरच्या पट्टीत केकाटतो. वूफरला समांतर झोबेल (रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये, हा चढ सपाट करायला) लावल्याशिवाय ते सूत्र लावू नका.

तारजोड: ॲक्टिव्हवाले एक सांगत नाहीत: ट्वीटर थेट ॲम्पवर येतो. चुकीचा प्रीसेट (डीएसपीत साठवलेली सेटिंग) लोड झाला, चॅनलची अदलाबदल झाली किंवा ॲम्प चालू होताना 'धप्प' झालं की व्हॉइस कॉइल (ट्वीटरच्या आतली तारेची गुंडाळी) गेली.

डीएसपीवाला: म्हणून ट्वीटरच्या सिरीजमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर कायमचा ठेवायचा. ४ ओहमला तो ८५० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखालचं कापतो, म्हणजे ३५०० पासून दोन सप्तकं खाली. आवाजात फारसा फरक नाही, डीसी मात्र अडतो. साधा पोलराइज्ड इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही. आणि पहिल्यांदा आवाज सोडण्याआधी प्रत्येक चॅनलचा हाय-पास (ठरलेल्या हर्ट्झच्या खालचं अडवणारा फिल्टर) तपासा, ट्वीटर सगळ्यात शेवटी जोडा.

तारजोड: आणि सूंऽ आवाजाचं? पॅसिव्ह डब्यातला रेझिस्टर ट्वीटरचा सिग्नल कमी करतो, त्याबरोबर ॲम्पचा नॉइजही. ॲक्टिव्हमध्ये तो पूर्ण ऐकू येतो.

डीएसपीवाला: ॲम्पवर ट्वीटरच्या चॅनलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) खाली आणा, डीएसपीचं आउटपुट वर ठेवा. बहुतेक जण उलटं करतात.

कॉइल_कपॅसिटर: सबवर तरी वाद नको. पॅसिव्हमध्ये ८० हर्ट्झला ४ ओहमसाठी कॉइल ८ मिलिहेन्रीची होते. एवढं तांबं आणि त्याचा रेझिस्टन्स कोण सांभाळणार? तिथे ॲक्टिव्हच.