रुजवात : छापून आलेला मजकूर ताडून पाहण्यासाठी शब्द

प्रश्न : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्वयंचलित चाचण्यांवर मराठीत टिपण लिहिते आहे. डॉकटेस्टपाशी अडले. २००१ सालच्या पायथन २.१ पासून ही सोय आहे. कोडसोबत लिहिलेल्या माहितीत नमुना म्हणून दिलेली ओळ ते खरोखर चालवतं आणि पडद्यावर उमटलेला मजकूर खाली लिहून ठेवलेल्या मजकुराशी जुळतो का, ते बघतं. ‘चाचणी’ फार मोघम वाटतं. ‘पडताळणी’ चालेल?

उत्तर : पडताळणी नको. तिच्यात सांगितलेली गोष्ट खरी आहे का, हे पाहतात. डॉकटेस्ट फक्त मजकूर बघतं. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, रुजवात. जमिनीच्या कागदाची नक्कल काढली की मूळ कागद शेजारी ठेवून ती अक्षर न् अक्षर ताडतात, ती रुजवात. जमीन खरोखर कोणाची, हा प्रश्न तिथे येतच नाही.

समजा, एका फंक्शनमधून ‘पुणे’ हा शब्द परत येतो. पायथन तो एकेरी अवतरणचिन्हांत दाखवतं. तुम्ही नमुन्यात दुहेरी चिन्हं घातलीत, तर शब्द तोच असूनही डॉकटेस्ट नापास करतं. ओळीच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही खपत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी छापतं. नमुन्यात नुसतं ०.३ लिहिलं तर रुजवात चुकली.

दुसरं मत : शब्द चपखल आहे, पण डॉकटेस्टमध्ये सवलतीही आहेत. इलिप्सिसचा पर्याय लावून तीन टिंबं टाकली की मधला मजकूर काहीही चालतो. गो भाषेत ओळींचा क्रम सोडून जुळवण्याची सोय आहे. ही कसली अक्षरशः रुजवात?

उत्तर : काय ताडायचं नाही, ते तिथे आधीच लिहून दिलेलं असतं. बाकीचं अक्षरशःच ताडलं जातं. रस्ट या भाषेच्या कंपायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चाचण्यांत फोल्डरचा पत्ता प्रत्येक संगणकावर वेगळा येतो, म्हणून त्याजागी ठरावीक खूण घालतात आणि मगच मजकूर जुळवतात. माझ्या मते शब्दाला बाध येत नाही.

ज्याच्याशी ताडायचं त्या फाइलला मी ‘प्रमाण प्रत’ म्हणेन. इंग्रजीत तिला ‘गोल्डन फाइल’ म्हणतात, पण ‘सोनेरी फाइल’ मराठीत काहीच सांगत नाही. रस्टमध्ये ‘ब्लेस’ असा पर्याय दिला की आत्ता उमटलेला मजकूरच नवी प्रमाण प्रत होतो. त्याला ‘आशीर्वाद’ म्हणू नका, ‘प्रमाणित करणे’ म्हणा. फेरफाराची नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, तेव्हा ती वाचणं त्यांची जबाबदारी असते. इथेही फरक न वाचता ‘ब्लेस’ केलं, तर चुकीचा मजकूरच प्रमाण ठरतो आणि पुढची प्रत्येक रुजवात त्या चुकीला पास करते.

प्रश्न : पटलं. क्रियापद कोणतं लावू?

उत्तर : घेणे. ‘आउटपुटची प्रमाण प्रतीशी रुजवात घेतली, तिसऱ्या ओळीत फरक आढळला.’ पहिल्यांदा वापराल तिथे अर्थ एका ओळीत द्या, नव्या वाचकाला तेवढं पुरेल.