फी अडकली, पगार थकायलेत, शाळा कशी चालवायची?

सेलूकर: नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात आमची स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे, नर्सरी ते आठवी, अनुदान छदाम नाही. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं सोयाबीन गेलं तेव्हापासून पालक म्हणायलेत सर थोडं थांबा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं मोफत घेतलेल्या पोरामागं सरकारकडून वर्षाला १७,६७० रुपये कागदावर आहेत पण कधी येतील भरवसा नाही, आणि डिझेल अन् बसचे हप्ते काही थांबत नाहीत. संस्थेत कुणी म्हणतं फी वाढवा, कुणी म्हणतं मास्तर कमी करा, एक जण तर म्हणतो टीसी अडवा, पालक पळत येतील. तुम्ही काय करायलात?

जालनेकर: टीसीचं डोक्यातून काढा आधी. आरटीईच्या कलम ५ प्रमाणं आठवीपर्यंत टीसी लगेच द्यावीच लागते, आणि टीसी नाही म्हणून दुसरी शाळा पोराला नाकारू शकत नाही, म्हणजे पोरगं जाणारच, वर गावभर बोभाटा तुमचा. फीचं म्हणाल तर २०११ च्या फी नियमनाच्या कायद्यानं पालक-शिक्षक समितीनं मंजूर केलेली फी दोन वर्षं तशीच राहते, मधीच वाढवता येत नाही. आणि ज्याला जुनीच भरणं होईना त्याच्याकडं वाढीव कुठून येणार?

गोदाकाठ: हप्ते बदला राव. आपण जूनमधी फी मागतो, अन् त्याच टायमाला शेतकरी बी-खताला पैसे शोधत असतो. आम्ही जूनला नावापुरता हप्ता ठेवला, मोठा दिवाळीनंतर सोयाबीन विकल्यावर, आणि राहिलेला जानेवारीत कापूस-उसाच्या पैशावर. ज्याचं खरंच वाहून गेलं त्याला लेखी मुदत द्या, पुढच्या हंगामापर्यंत. पण नोकरदारांची यादी वेगळी काढा, आमच्याकडं तर दर महिन्याला पगार घेणारे बी सोयाबीन गेलं म्हणून सांगायलेत 😄 आणि आरटीईचा पैसा खात्यात पडेपर्यंत बजेटात धरूच नका, आला की उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या पगाराला बाजूला काढा, तेव्हा फी येत नाही अन् पगार तर द्यावाच लागतो.

बीडची टीचर: मी पगार घेणाऱ्या बाजूनं बोलते. आधीच्या शाळेत अर्धा पगार यायचा, का ते कुणी सांगायचं नाही, स्टाफरूममधी नुसत्या अफवा, शेवटी गणिताचे सर लातूरला क्लासेसवर निघून गेले अन् त्यांच्या मागं दहावीची पोरं बी गेली. पगार उशिरा झाला तर माणूस कसंबसं निभावतो हो, पण लपवाछपवी नाही सहन होत. दर महिन्याला आकडे सांगा, फी किती आली, डिझेलला किती गेली, राहिलेला पगार कोणत्या तारखेला देणार. मावशी आणि ड्रायव्हरचा पूर्ण द्या, त्यांचं तेवढ्यावरच घर आहे. आणि कपात करायचीच तर वरून करा.

सेलूकर: हप्त्यांचं पटलं, समितीपुढं मांडतो. आकडे सांगायलाबी माझी ना नाही, पण ताई वरूनची गोष्ट अवघड आहे. अध्यक्षांची गाडी संस्थेच्या नावावर आहे, तिचा हप्ता शाळेच्या खात्यातून जातो. ते स्टाफपुढं कसं वाचू?

बीडची टीचर: सर, ते स्टाफला आधीच माहीत असतंय.

जालनेकर: 😂 गाडी विकायला लावा, मग मीटिंग घ्या.