पतसंस्थेत अडकलेली ठेव आणि सायप्रस

बेदाणावाली, तासगाव
बाबांनी बेदाण्याच्या पट्टीचे पावणेदोन लाख इथल्याच एका पतसंस्थेत ठेवले होते. मुदत संपून चौदा महिने झाले. दर सोमवारी पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जातात आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकून परत येतात. एमएच्या अभ्यासात सायप्रसचं संकट आहे. तिथल्या ठेवीदारांचं काय झालं? आपल्या सरकारने त्यातून काय घ्यावं?

निवृत्त कॅशियर, मिरज
ताई, सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, म्हणून पोटतिडकीने लिहितो.

सायप्रसच्या बँकांनी ग्रीसच्या सरकारी रोख्यांत पैसा घातला आणि तो बुडाला. मार्च 2013 मध्ये 10 अब्ज युरोंच्या मदतीसाठी अट आली, की एक लाख युरोंच्या आतल्या ठेवींतूनही 6.75 टक्के कापा. या ठेवींना विमा होता! संसदेत बाजूने एकही मत पडलं नाही. बँका जवळजवळ दोन आठवडे बंद राहिल्या. शेवटी लहान ठेवी वाचल्या, मोठ्यांना कात्री लागली. पण विमा असूनही हात घालतात हे लोकांनी एकदा बघितलं ना, की विश्वास उडतो. आणि बँक चालते ती विश्वासावरच.

आमच्या शाखेबद्दल एकदा अफवा उठली होती. साडेआठलाच शटरसमोर गर्दी. मॅनेजरसाहेबांनी नोटांच्या थप्प्या सगळ्यांना दिसतील अशा काउंटरमागे रचायला लावल्या आणि मागेल त्याला पैसे द्या म्हणाले. दुपारपर्यंत रांग विरली. काही जण तर संध्याकाळी तेच पैसे परत भरून गेले.

आपल्याकडे 2020 मध्ये बँक ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. 2021 च्या कायद्याने बँकेवर निर्बंध आले की 90 दिवसांत ती रक्कम द्यायची. सहकारी बँकाही त्यात आहेत, पतसंस्था नाहीत. तुमच्या बाबांसारखी माणसं नेमकी तिथेच आहेत. सरकारने आधी हे भोक बुजवावं.

कृष्णाकाठ, सांगली
काका, पण विमा आहे म्हटल्यावर संचालक सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटत सुटतील त्याचं काय?

निवृत्त कॅशियर, मिरज
दादा, बरोबर आहे. म्हणून स्वीडनचं 1992 बघा. सरकारने ठेवीदारांना पूर्ण हमी दिली, पण बुडीत बँकेच्या भागधारकांना तोटा आधी सोसायला लावला. थकीत कर्जं वसुलीसाठी वेगळ्या कंपनीकडे दिली. आपल्याकडे तोटा सोसायला पहिला ठेवीदारच उभा असतो, याची मला फार चीड आहे.

ताई, सोमवारी तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत जिल्हा उपनिबंधकांकडे.

बेदाणावाली, तासगाव
काका, अर्ज लिहिला. या सोमवारी मीही जातेय बाबांबरोबर.