मदत हवी आहे: रंग काढलेल्या जुन्या दारांवर व्हार्निश टिकत नाहीये

मंडळी, दोन दारांनी जीव नकोसा केलाय.

जुनी सागवानी पॅनेलची (चौकटीत फळ्या बसवलेली) दारं, त्यावर ऑइल पेंटचे निदान पाच थर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकातोंडात नको, म्हणून घासत बसलो नाही. कॉस्टिकच्या (म्हणजे कॉस्टिक सोडा, तीव्र क्षार) टाकीत बुडवून रंग काढून देणाऱ्याकडे दिली. रंग गेला, अगदी गोलाईच्या खाचांतूनही. पण दारं परत आली ती ओली, काळपट आणि हात फिरवला की कुसळं टोचतील अशी. चार दिवस सावलीत ठेवली, १२० नंबरच्या पेपरने घासली आणि व्हार्निशचा एक हात मारला. तिसऱ्या दिवशी पॅनेलच्या कडेने पांढरी पूड फुटली. नखाने ओढलं तर व्हार्निश कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघतंय. शिवाय एका दाराचा खालचा सांधा हलतोय, उचललं की कुरकुरतो.

पूड कसली? सगळं पुन्हा काढावं लागेल का? आणि शेवटी लावू काय: बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल), लाखेचं पॉलिश की आणखी काही? एक दार आतलं आहे, दुसरं उन्हापावसातलं.

प्रतिसाद १
काढावं लागेल, इलाज नाही. लाकडात मुरलेला कॉस्टिक ओलाव्याबरोबर वर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याचा धुण्याचा सोडा होतो. तीच तुमची पूड. कॉस्टिक रंगातल्या तेलाचा साबण करतो म्हणून तर रंग सुटतो. आता तो तुमच्या व्हार्निशचाही साबण करतोय.

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद ओलसर करून दाराच्या खाचेत दाबा. लाल झाला तर अजून क्षार आहे. व्हार्निश खरवडून दार स्वच्छ पाण्याने पुसा, मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ब्रशने खाचाखाचांतून फिरवा, पुन्हा पाणी. कागद पिवळाच राहीपर्यंत हेच. हातमोजे घाला. नंतर दोन्ही बाजूंना हवा लागेल असं उभं करून काही आठवडे वाळू द्या. चार दिवसांत काय होतंय! उन्हात मात्र टाकू नका, पीळ पडेल.

प्रतिसाद २
सांधा सुटला कारण जुना सरस टाकीत विरघळला. सांधा उघडून आतला चिकट गाळ खरवडा, नवीन गोंद लावून शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) रात्रभर आवळा. पण पॅनेलला गोंदाचा थेंबही नको. ते खाचेत मोकळंच असतं, दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. चिकटवलंत तर मधोमध तडकेल.

खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर ते लोखंडाचे, पेपरने जात नाहीत. ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण ते विषारी आहे, जपून.

प्रतिसाद ३
माझं मत: आतल्या दाराला लाखेचं पॉलिश. खराब झालं तरी त्याच्यावरच पुन्हा चढवता येतं. पाणी सांडून राहिलं तर पांढरा डाग पडतो, तेवढं सांभाळा. बाहेरच्याला ते अजिबात नको, तिथे ऊन सोसणारं बाहेरच्या वापराचंच व्हार्निश, पहिला हात पातळ करून. सागवान तेलकट, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसा. आणि दाराची वरची-खालची कड! ती कुणाला दिसत नाही म्हणून कोरी राहते आणि पाणी तिथूनच पितं.

बेलतेल वापरलंत तर फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

धागाकर्ता
आत्ताच कागद लावून पाहिला. सपाट भागावर पिवळाच, पण पॅनेलच्या खाचेत कुंकवासारखा लाल. सांधाही उघडला, आतून तपकिरी चिखल निघाला. व्हार्निश खरवडायला घेतलंय. वाळल्यावर फोटो टाकतो.